खेळ नको, चारला घरी जाऊ द्या

प्रश्न : आमच्या कंपनीत ४६ माणसे आहेत. ३० जण कार्यालयात आणि १६ जण गोदामात, मालाची बांधणी आणि रवानगी करणारे. उन्हाळ्याचे तीन महिने आले की सगळ्यांची गती मंदावते. मीटिंगमध्ये कोणी बोलत नाही, मेलचे उत्तर दोन दिवसांनी येते, नऊची हजेरी साडेनऊवर जाते. गेल्या वर्षी मी दर शुक्रवारी दुपारी खेळ ठेवले, भिंतींवर समुद्रकिनाऱ्याची चित्रे लावली, टी-शर्ट वाटले आणि उन्हाळ्यात एकही रजा न घेणाऱ्यास ‘उत्कृष्ट कर्मचारी’ म्हणून बक्षीस दिले. तिसऱ्या शुक्रवारी हिशेब विभागातील एक ज्येष्ठ कर्मचारी सर्वांसमोर म्हणाले, “साहेब, खेळ नको, चारला घरी जाऊ द्या.” सगळे हसले, मला ते लागले. उन्हाळा संपताच दोन चांगली माणसे सोडून गेली. यंदा शेवटच्या महिन्यात रजाच बंद ठेवाव्यात असा विचार आहे. कर्मचाऱ्यांना उन्हाळ्यात एंगेज ठेवण्यासाठी काय करावे?
– एक व्यवस्थापक

उत्तर :

महोदय,

आपले पत्र प्रांजळ आहे. झालेली फजिती झाकून सल्ला मागणारी पत्रे मला अधिक येतात. आपण ती जशीच्या तशी लिहिलीत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. सुरुवात आपल्या प्रश्नातल्या एका शब्दापासून करतो. कर्मचाऱ्यांना ‘एंगेज ठेवण्यासाठी’ काय करावे, असे आपण विचारता. या शब्दांत ठेवणारा एक आणि ठेवून घेणारे शेहेचाळीस असे चित्र उभे राहते, किरकिरणाऱ्या मुलापुढे खुळखुळा धरावा तसे. मराठीत आपण म्हणतो की कामात मन लागते किंवा लागत नाही. दुसऱ्याचे मन आपल्याला लावून देता येत नाही; ते का लागत नाही हे मात्र शोधता येते, आणि आड येणाऱ्या गोष्टी पुष्कळदा बाजूला करता येतात. गेल्या उन्हाळ्यातले आपले सारे उपाय मन लावून देण्याचे होते. मन कशामुळे उडाले, याची चौकशी पत्रात मला कुठे सापडली नाही.

कामात मन लागणे या विषयाच्या अभ्यासाचा आरंभ ज्या लेखापासून मानला जातो, तो अमेरिकी अभ्यासक विल्यम कान यांचा लेख १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. गंमत अशी की त्यासाठी त्यांनी निवडलेल्या दोन जागांपैकी एक वास्तुविशारदांचे कार्यालय होते आणि दुसरी चक्क एक उन्हाळी शिबिर. तीच माणसे त्याच कामात कधी जीव ओततात आणि कधी नुसती देहाने हजर असतात, हे जवळून पाहून कान यांनी तीन अटी मांडल्या : आपण करतो त्या कामाला काही अर्थ आहे असे वाटणे, मनातले बोलल्याने आपले नुकसान होणार नाही याची खात्री असणे, आणि कामाला देण्याजोगी अंगातली व मनातली ताकद मुळात शिल्लक असणे. उन्हाळा पहिला घाव घालतो तो या तिसऱ्या अटीवर. रात्री उकाड्याने नीट झोप झालेली नसते, मुलांच्या शाळा बंद असतात आणि त्यांच्याकडे दिवसभर कोणी पाहायचे हा प्रश्न रोज सकाळी नव्याने उभा राहतो, येण्याजाण्यात ऊन अंगावर घ्यावे लागते, आणि कार्यालयात पोहोचावे तर शेजारची खुर्ची रिकामी असून तिच्यावरचे काम आपल्या टेबलावर येऊन बसलेले असते. शुक्रवारच्या खेळांनी या शिलकीत काहीच भर पडत नाही. उलट दुपारचा एक तास त्यात जातो आणि तो भरून काढता काढता संध्याकाळचे साडेसहा होतात. आपल्या हिशेब विभागातील त्या गृहस्थांनी ही बेरीज-वजाबाकी इतरांच्या आधी केलेली दिसते, आणि तो त्यांचा व्यवसायच आहे.

मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते रिकाम्या खुर्चीचे गणित, म्हणून त्यावर थोडा थांबतो. कार्यालयातल्या तीस जणांनी तेरा आठवड्यांच्या उन्हाळ्यात प्रत्येकी दोन आठवडे रजा घेतली, आणि ती अगदी सारखी विखुरली गेली असे मानले, तरी कोणत्याही आठवड्यात चार ते पाच माणसे जागेवर नसतात. प्रत्यक्षात रजा विखुरत नाहीत. शाळांच्या सुट्ट्या, लग्नकार्ये आणि प्रवासाची तिकिटे त्यांना एकाच काळात ओढून आणतात. एखाद्या आठवड्यात नऊ माणसे रजेवर गेली की उरलेल्या एकवीस जणांवर तिसांचे काम येते, म्हणजे प्रत्येकाचा भार दीडपटीच्या जवळ जातो. मेलला दोन दिवसांनी उत्तर येते आणि मीटिंगमध्ये शांतता पसरते, ती यामुळे. ज्याच्यापुढे दीड माणसाचे काम आहे तो मीटिंगमध्ये नवी कल्पना मांडत नाही, कारण मांडलेली कल्पना मांडणाऱ्याच्याच गळ्यात पडते हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

हे मी पुस्तकी सांगत नाही. अनेक वर्षांपूर्वी माझ्याकडे चौदा जणांचा एक विभाग होता आणि रजेचा माझा नियम सरळ होता, म्हणजे मला तो सरळ वाटत होता : ज्याचा अर्ज आधी, त्याची रजा आधी. आमच्याकडे एक बाई होत्या. घरी लहान मुले नव्हती, गावाला जाण्याची घाई नव्हती, त्यामुळे अर्जाच्या शर्यतीत त्या कधी उतरतच नसत, आणि मी मनाशी त्यांना ‘समजूतदार’ म्हणत असे. एकदा भर उन्हाळ्यात काही कागद हवा होता म्हणून त्यांच्या टेबलापाशी गेलो, तेव्हा त्यांच्या संगणकाच्या पडद्याभोवतीची चौकट चिकटवलेल्या चिठ्ठ्यांनी भरलेली होती. पिवळ्या एका सहकाऱ्याच्या कामाच्या, गुलाबी दुसऱ्याच्या, हिरव्या तिसऱ्याच्या. मी सहज विचारले, “आणि तुमच्या कामाच्या चिठ्ठ्या कुठे आहेत?” त्यांनी खालचा खण उघडून दाखवला. आत पांढऱ्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा रबर लावून ठेवला होता. “माझे संध्याकाळी करते,” त्या म्हणाल्या. मी मान हलवून माझा कागद घेतला आणि निघून आलो. उन्हाळा संपल्यावर पाचव्या आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ लिहिले होते. आपली दोन चांगली माणसे उन्हाळा संपताच का गेली हे मला माहीत नाही, परंतु ती रजेवर गेलेल्यांपैकी होती की मागे राहिलेल्यांपैकी, एवढे आपण हजेरीपटावरून पाहावे असे सुचवतो.

तेव्हा रजेची आखणी उन्हाळा लागण्यापूर्वी किमान सहा आठवडे व्हावी, आणि ती आपल्या बंद खोलीत न होता त्या त्या विभागाने एकत्र बसून करावी. एक मोठा तक्ता घ्यावा, त्यावर आठवडे आणि नावे मांडावीत, आणि एका विभागातून एका वेळी जास्तीत जास्त किती माणसे बाहेर राहू शकतात हा आकडा आपण आधीच जाहीर करावा. दोघांना एकच आठवडा हवा असेल तेव्हा पहिला मान कोणाचा, याचा क्रम दरवर्षी फिरता ठेवावा. गेल्या वर्षी ज्याने आपला आठवडा सोडला त्याचे नाव यंदा वर यावे. मुले असलेल्यांना शाळेच्या सुट्टीत रजा हवी असते हे खरेच आहे, तथापि मुले नसलेल्यांचा उन्हाळा आपोआप कंपनीच्या मालकीचा होत नाही. त्यांना विचारल्यावर पुष्कळदा ती आनंदाने नंतरची तारीख घेतात. विचारल्याशिवाय गृहीत धरले की तीच माणसे मनातून दूर जातात.

काहींना नकार द्यावाच लागेल. तो देताना कारण सांगावे, प्रत्यक्ष भेटून सांगावे, आणि ते खरे असावे. जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० मधला एक अभ्यास या बाबतीत मला फार बोलका वाटतो. एका उद्योगाच्या काही कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी वेतनात १५ टक्के कपात करावी लागली. एका कारखान्यात ती का करावी लागत आहे हे सविस्तर आणि सहानुभूतीने समजावून सांगितले गेले, दुसऱ्यात जेमतेम कळवले गेले. कपात दोन्हीकडे सारखी होती. पण कारखान्यातल्या वस्तू नाहीशा होण्याचे प्रमाण जिथे नुसते कळवले तिथे कितीतरी अधिक वाढले. रजेचा नकार वेतनकपातीइतका कडू नसतो, पण त्याची जात तीच आहे. माणूस ‘नाही’ ऐकून घेतो. अर्ज तीन आठवडे टेबलावर पडून राहिला आणि मग प्रणालीत लाल खूण दिसली, हे तो विसरत नाही.

याच्याच जोडीने दुसरा तक्ता करावा, आणि खरे सांगायचे तर पहिल्यापेक्षा हा अवघड आहे : उन्हाळ्यात न होणाऱ्या कामांचा. नऊ माणसे बाहेर असताना तीस जणांची सगळी कामे होतील असे धरून चालणे म्हणजे मागे राहिलेल्यांच्या संध्याकाळी न विचारता उचलणे आहे. कोणता साप्ताहिक अहवाल तीन महिने पाक्षिक झाला तरी कोणाचे काही बिघडणार नाही, कोणती मीटिंग बंद ठेवता येईल, कोणत्या ग्राहकाला उत्तर चोवीस तासांऐवजी अठ्ठेचाळीस तासांत मिळेल हे आधीच सांगता येईल, हे प्रत्येक विभागाने लिहून काढावे आणि त्याखाली आपण सही करावी. सही महत्त्वाची, कारण एखादे काम राहिले तर त्याचा दोष मागे राहिलेल्या माणसावर येणार नाही याची ती हमी असते. कान यांची दुसरी अट, निर्धोकपणाची, अशा सहीतून भागते. ‘माझे दार सदैव उघडे आहे’ असे भाषणात सांगून ती भागत नाही.

रजेवर जाणाऱ्याने चार्ज कसा द्यावा याबद्दल एवढेच म्हणतो की तो एका पानात, लेखी आणि निघण्याच्या दोन दिवस आधी द्यावा. कोणते काम कुठवर आले, कोणाचा फोन येईल, आणि काय केले नाही तरी चालेल, या तीन गोष्टी त्यात आल्या म्हणजे पुरे. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पावणेसहाला, पिशवी खांद्यावर असताना तोंडी दिलेला चार्ज दुसऱ्या दिवशी फोनची रिंग होऊन रजेवरच्या माणसापर्यंत पोहोचतो. साबिने सोनेनटाग यांच्यासारख्या संशोधकांनी विश्रांतीवर जे काम केले आहे, त्यात कामापासून मनाने सुटे होणे याला फार वजन दिले आहे. देह रजेवर आणि मन इनबॉक्समध्ये असेल तर थकवा उतरत नाही. एरवीही सुट्टीने आलेली टवटवी परतल्यावर काही आठवड्यांतच ओसरते असे अभ्यासांत दिसले आहे, तेव्हा परतलेल्या माणसापुढे पहिल्याच सकाळी चारशे मेल आणि दहाची मीटिंग ठेवून ती एका दिवसात घालवू नये. पहिला दिवस मीटिंगविना ठेवा.

आता आपल्या बेताकडे येतो. शेवटच्या महिन्यात रजा बंद ठेवू नयेत. बंदी आली की ज्यांना रजा घ्यायची नव्हती तेही पहिल्या दोन महिन्यांत घाईने घेतील, आपली गर्दी तिथे दाटेल आणि तिसऱ्या महिन्यात आजारपणाचे दाखले येऊ लागतील. पगारी सुट्टीला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९३६ मध्येच कराराचे रूप दिले, आणि १९७० च्या सुधारित करारात वर्षाला किमान तीन आठवडे, त्यातला एक भाग साधारणतः सलग दोन आठवड्यांचा, असे मान ठरवले. प्रत्येक देशाने तो स्वीकारलेला नाही आणि आपल्याला तो लागू आहे की नाही हे आपले कायदा सल्लागार सांगतील. पण सलग सुट्टी ही चैन नसून कामाच्या आरोग्याचा भाग आहे, हा विचार किती जुना आहे ते त्यावरून कळते. याच कारणासाठी रजा न घेणाऱ्याचे ते बक्षीस यंदा गुपचूप बंद करा. ते एकाला मिळाले आणि पंचेचाळीस जणांना सांगून गेले की रजा घेणे हा गुन्हा नसला तरी डाग आहे. समुद्रकिनाऱ्याच्या चित्रांविषयी मी फार बोलत नाही. ज्याची रजा नामंजूर झाली आहे त्याच्या डोळ्यांसमोर दिवसभर समुद्र ठेवण्यात काय हेतू होता, हे मला कळले नाही.

गोदामातल्या सोळा जणांविषयी आपल्या पत्रात एकच वाक्य आहे, आणि मला सर्वाधिक काळजी तिथली वाटते. कार्यालयात उन्हाळा हा उत्साहाचा प्रश्न असेल. गोदामात तो शरीराचा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सिअसवर गेले की मध्यम कष्टाचे काम करणाऱ्याची कार्यक्षमता निम्म्यावर येते. पत्र्याखाली खोकी उचलणारा माणूस दुपारी दोन वाजता सावकाश चालतो तेव्हा तो आळस करत नसून आपला जीव सांभाळत असतो, आणि अशा वेळी त्याला ‘जरा उत्साह दाखवा’ म्हणणे धोक्याचे आहे. नुसते तापमान पाहूनही भागत नाही. हवेत दमटपणा असला की घाम वाळत नाही, घाम वाळला नाही की अंग निवत नाही; म्हणून आर्द्रता, झळ आणि वारा हे सगळे धरून उष्णता मोजणारे उपकरण अशा ठिकाणी वापरतात, आणि ते आपण घ्यावे. हवाच फार तापली असेल तर पंखा नुसती ऊन हवा अंगावर फेकतो. तिथे काम थांबवून गार जागेत बसवणे हाच इलाज उरतो.

अमेरिकेतील कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था, जिला नायॉश म्हणतात, उन्हात वा उष्म्यात काम करणाऱ्यांना दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, म्हणजे साधारण पाव लिटर पाणी प्यायला सांगते, तहान लागण्याची वाट न पाहता. त्यासाठी पाणी हाताशी असावे लागते. गोदामाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या टाकीपर्यंत कोणी दर वीस मिनिटांनी जात नाही. हीच संस्था नव्या माणसाला पहिल्या दिवशी उष्म्यातले काम नेहमीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नये आणि ते रोज फार तर २० टक्क्यांनी वाढवावे, असे सुचवते, कारण उष्णतेची सवय व्हायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात. आता हे रजेशी जोडून पाहा. एक आठवडा वा त्याहून अधिक बाहेर राहिलेल्या माणसाची ही सवय बरीच मोडते. दोन आठवडे गार ठिकाणी राहून आलेला आपला सर्वांत जुना, सर्वांत दणकट हमालही परतल्याच्या पहिल्या दिवशी उष्णतेच्या हिशेबाने नवखा असतो, आणि ‘आता ताजातवाना होऊन आला आहे’ म्हणून त्याच दिवशी साचलेले काम त्याच्यावर टाकले जाते. चक्कर, मळमळ, असंबद्ध बोलणे दिसले तर तो प्रश्न व्यवस्थापनाचा राहत नाही. माणसाला सावलीत नेऊन अंग थंड करावे आणि तातडीने वैद्यकीय मदत बोलवावी. अवजड कामे पहाटे व सकाळी उरकावीत, दुपारी याद्या जुळवणे, लेबले लावणे अशी बैठी कामे ठेवावीत, आणि पाळीची वेळ बदलायची तर मुकाट बदलू नये, त्यांना विचारून बदलावी. पहाटे पाचला वाहन मिळते का, हे त्यांनाच माहीत असते.

कार्यालयातल्या गारव्याचा विषय हास्यास्पद वाटला तरी भांडणे त्यावरून होतात. सेपानेन, फिस्क आणि लेई यांनी २००६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले की कार्यालयीन कामाची गती २२ अंशांच्या आसपास सर्वाधिक असते आणि ३० अंशांवर ती सुमारे ९ टक्क्यांनी घटते. म्हणून एसी १८ वर ठेवावा असे मात्र नाही. इमारतींच्या तापमानाचे जुने मानक चाळिशीच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या चयापचयावर बेतलेले आहे, हे किंग्मा आणि व्हॅन मार्केन लिख्टेनबेल्ट यांनी २०१५ मध्ये दाखवून दिले. भर उन्हाळ्यात निम्मे कार्यालय स्वेटर घालून का बसते, याचे एक उत्तर त्यात आहे. रिमोट कोणाच्या हाती असावा हे ज्यांना थंडी वाजते त्यांनाही विचारा, आणि पुढे चला.

राहिला चारचा मुद्दा. ती मागणी आपल्याला उद्धट वाटली, पण तिचा इतिहास जवळजवळ शंभर वर्षांचा आहे. १९२७ पासून शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात टेलिफोन यंत्रणेतले ‘रिले’ नावाचे विद्युत भाग जोडणाऱ्या मोजक्या स्त्रियांच्या एका गटावर जे प्रसिद्ध प्रयोग झाले, त्यांत विश्रांतीच्या वेळा, खाणे आणि कामाचे तास एकेक करून बदलून पाहिले गेले. नेहमीच्या पाचऐवजी साडेचारला सोडले तेव्हा उत्पादन वाढले. मग चारला सोडून पाहिले. तासागणिक उत्पादन वाढले, पण दिवसाचे एकूण थोडे खाली आले. या प्रयोगांच्या निष्कर्षांवर नंतर पुष्कळ वाद झाले, गट लहान होता आणि एकाच वेळी अनेक गोष्टी बदलत होत्या. तरीही मला हा तपशील प्रामाणिक वाटतो, कारण अर्धा तास बहुधा फुकट मिळतो आणि पूर्ण तासाची थोडी किंमत मोजावी लागते, असे त्यातून दिसते. अलीकडे मायक्रोसॉफ्टच्या जपानमधील कंपनीने २०१९ च्या ऑगस्टमध्ये सगळे शुक्रवार पगारी सुट्टीचे ठेवले, तेव्हा दरडोई विक्री आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी अधिक निघाली. हा आकडा वाचून लगेच आपला शुक्रवार बंद करू नका. तो एकाच महिन्याचा आहे, आणि त्या काळात मीटिंग अर्ध्या तासाच्या आणि पाच जणांपुरत्या असाव्यात असाही आग्रह होता. फायदा सुट्टीचा किती आणि छाटलेल्या मीटिंगांचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. मला स्वतःला छाटलेल्या मीटिंगांचा संशय अधिक आहे.

आपल्यासाठी मी असे सुचवेन. खेळांचा तास आहेच; तो रद्द करून शुक्रवारी चारला सोडावे. ज्यांना सकाळी लवकर येऊन रोज लवकर जाणे सोयीचे आहे त्यांना तशी मुभा द्यावी, एवढेच की दहा ते तीन सगळे जागेवर असावेत. मग नऊची हजेरी साडेनऊवर जाण्याचा प्रश्नही कदाचित आपोआप मिटेल, कारण मुलांना कुठे तरी पोहोचवून येणारा माणूस नऊला येऊच शकत नसेल आणि साडेनऊला न चुकता येऊ शकत असेल. गोदामाला ही सवलत तशीच देता येणार नाही, कारण शुक्रवारी चारला गाडी भरायचीच असते. म्हणून त्यांच्यासाठी आळीपाळीने आठवड्यातली एक अर्धी पाळी, किंवा साठवून घेता येणारे तास, असे काही बसवावे. कार्यालय चारला निघते आणि गोदाम ते खिडकीतून पाहते, असे झाले तर आपण तीस जणांना दिले त्याहून अधिक सोळा जणांकडून काढून घेतलेले असेल. यातले काहीही कायमचे म्हणून जाहीर करू नका. तीन महिन्यांपुरते करा, रवानगीचा उशीर, ग्राहकांच्या तक्रारी आणि ओव्हरटाइमचे तास एवढे तीन आकडे मोजा, आणि शेवटी तेच आकडे सगळ्यांसमोर ठेवून पुढचे ठरवा.

कामाला अर्थ असण्याची जी पहिली अट, तिच्यासाठी उन्हाळा वाईट नसतो. वर्षभर ‘कधीतरी करू’ म्हणून मागे पडलेले एखादे काम प्रत्येक विभागात असते : विस्कटलेल्या फायलींची रचना, कोणालाच न कळणारा एखादा फॉर्म, गोदामातली ती मांडणी जिच्यामुळे एका खोक्यासाठी तीनदा वळसा पडतो. ज्यांची ती रोजची डोकेदुखी आहे त्यांनाच ते निवडू द्या आणि त्यांच्याच पद्धतीने करू द्या. मात्र दीडपट भाराच्या आठवड्यात हे काढू नये, नाहीतर तोही एक खेळच होईल.

आपल्याविषयीही एक विचारतो. आपण उन्हाळ्यात रजा घेता का, आणि घेतली तर तिथून मेल पाठवता का? साहेबांचा रात्री अकराचा एक मेल, ‘घाई नाही, सवडीने पाहा’ असे लिहिलेला का असेना, चार्ज देण्याच्या सगळ्या नियमांवर पाणी फिरवतो. यंदा रजेच्या तक्त्यावर पहिले नाव आपले लिहा, आणि आपला चार्ज कोणाकडे असेल ते त्यापुढे लिहा.

एक गोष्ट पत्रात शोधूनही मिळाली नाही. हिशेब विभागातील त्या ज्येष्ठांनी चारला घरी जाऊ द्या म्हटले, सगळे हसले, आपल्याला लागले, इथवर आपण लिहिले आहे. त्यांना चारला घरी का जायचे होते, हे लिहिलेले नाही. घरी कोणी आजारी असेल, नातवंड एकटे असेल, शेवटची सोयीची बस साडेचारची असेल, किंवा नुसतेच ते दमले असतील. उन्हाळा लागण्याच्या आत एकदा त्यांच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसा आणि विचारा. ते काय म्हणाले ते मला कळवलेत, तर चारचे वेळापत्रक बसवायला त्याचा उपयोग होईल.